लाकूडतोड्याचे काम आणि त्याचा मोकळा वेळ : रायपूर परिसराचा आढावा

वृक्षतोडीविषयी जे लिहिले जाते त्याचा बहुतांश भाग झाडाच्या बाजूने किंवा सरकारच्या बाजूने लिहिलेला असतो. पहिल्या प्रकारच्या लेखनात झाड तोडणारा माणूस अपराधी म्हणून येतो, दुसऱ्यात तो मजुरीच्या रकान्यातील आकडा म्हणून येतो, आणि त्याच्या कामाचे स्वरूप, ते शिकण्याची रीत, त्यातले धोके, तसेच काम नसलेल्या दिवशी तोच माणूस त्याच हत्यारांनी काय घडवतो, हे प्रश्न दोन्हींकडे बाजूला पडतात. प्रस्तुत आढावा या बाजूला पडलेल्या प्रश्नांचा आहे. त्यासाठी रायपूर हे केंद्र निवडण्याचे कारण असे की, या एका शहराभोवती वृक्षतोडीचे जवळजवळ सर्व प्रकार एकमेकांच्या शेजारी आढळतात, आणि मराठी वाचकाला परिचित असलेल्या विदर्भाच्या वनव्यवहाराशी त्यांचे जुने नाते आहे.

छत्तीसगडच्या भूभागापैकी सुमारे ४१ टक्के भाग वनाच्छादित असल्याचे भारतीय वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. परंतु आजच्या रायपूर जिल्ह्यात त्या वनाचा वाटा अगदी थोडा आहे. १९९८ साली धमतरी आणि महासमुंद, तर १ जानेवारी २०१२ रोजी गरियाबंद आणि बलौदाबाजार हे जिल्हे वेगळे झाले, आणि त्यांच्याबरोबर सालाची, सागाची व मिश्र जातींची राने रायपूरच्या हद्दीबाहेर गेली. उरला तो महानदीच्या खोऱ्यातील धानाचा सपाट मुलूख, वाढते शहर, आणि भनपुरीसारख्या भागातील लाकूडबाजार व आरागिरण्या, म्हणजे ओंडके चिरून पाट्या आणि चौकटीचे लाकूड काढणारे कारखाने. त्यामुळे रायपूर हे मुख्यतः झाड तोडले जाण्याचे नव्हे, तर तोडलेले झाड येऊन पडण्याचे ठिकाण आहे, आणि येथे खरेदी करणाऱ्याला तोडणारा सहसा दिसत नाही.

या प्रदेशातील लाकूडकामाचे वय किती मोठे आहे, याचा पुरावा शहरातच, महंत घासीदास स्मारक संग्रहालयात जपलेला आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात चंद्रपूरजवळच्या (हे चंद्रपूर विदर्भातले नव्हे, महानदीकाठचे) किरारी गावचा हिराबंध तलाव आटला, तेव्हा गाळातून एक लाकडी स्तंभ निघाला; त्यावर ब्राह्मी लिपीत राज्याच्या अधिकाऱ्यांची पदनामे कोरलेली होती आणि लिपीवरून त्याचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक असा मानला जातो. हा स्तंभ बिजा जातीच्या लाकडाचा आहे, ज्याला मराठीत बिबळा म्हणतात. शतकानुशतके पाण्याखाली टिकलेले ते लाकूड उन्हात येताच तडकून त्याच्या ढलप्या सुटू लागल्या, आणि लेखाचा बराच भाग एका स्थानिक पंडिताने वेळीच करून ठेवलेल्या नकलेमुळेच आज वाचता येतो. पाण्यात कोणते लाकूड टिकते हे ज्याला ठाऊक होते त्यानेच तो वृक्ष निवडला असणार. अधिकाऱ्यांची पदे कोरली गेली, निवडणाऱ्याचे नाव कोरले गेले नाही, आणि नोंदीची ही पद्धत पुढील अठराशे वर्षांत फारशी बदलली नाही.

इंग्रजी अमदानीत वृक्षतोड हा राज्याचा व्यवसाय झाला. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर छत्तीसगड इंग्रजांकडे गेले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली, आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची कल्पना पक्की केली. राखीव वन म्हणजे जेथे स्पष्ट परवानगी नसलेली प्रत्येक कृती गुन्हा ठरते असे वन. रेल्वेच्या रुळांखालील आडव्या लाकडांसाठी, म्हणजे स्लीपरांसाठी, सालाला मोठी मागणी होती, आणि धमतरीच्या पलीकडील रानातून ते लाकूड काढण्यासाठी रायपूर फॉरेस्ट ट्रामवे या नावाची अरुंद मापाची गाडीसुद्धा घातली गेली. ज्या गावांच्या भोवती हे रान होते, त्या गावकऱ्यांना मात्र जळणाची काटकी आणि गुरांचा चारा यांसाठी शुल्क, बेगार आणि दंड यांना तोंड द्यावे लागे. जानेवारी १९२२ मध्ये सिहावा-नगरी भागात झालेला जंगल सत्याग्रह याच असंतोषातून उभा राहिला. कंडेल येथील कालवा सत्याग्रहात पुढे असलेले बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे धमतरीचे पुढारी त्याच्या पाठीशी होते; १९३० मध्ये रुद्री-नवागाव येथे राखीव वनातील गवत कापून कायदा मोडण्याचे आंदोलन झाले, त्यात मेघावाल्यांबरोबर नत्थूजी जगताप यांचे नाव येते. त्याच वर्षी पुसदला बापूजी अणे यांनी, आणि बिळाशी व चिरनेर येथील लोकांनी याच स्वरूपाचे सत्याग्रह केले, हे लक्षात घेतले म्हणजे धमतरीची हकीकत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. तथापि या सर्व आंदोलनांत मागणी होती ती रानावरील हक्काची. तोडीच्या मजुरीचा प्रश्न स्वतंत्रपणे आणि ठाशीवपणे पुढे आला तो ठाणे जिल्ह्यात, १९४५ ते १९४७ च्या वारली आंदोलनात. तेथे जंगलकामासाठी दिवसाला किमान सव्वा रुपया मागितला गेला, आणि पुढे मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी सोसायट्यांची पद्धत आकाराला आली. सहकारी सोसायटीने कूप घ्यावा आणि नफ्यात मजुराला वाटा द्यावा, ही महाराष्ट्रातली कल्पना छत्तीसगडात तशी रुजली नाही. येथे आधी ठेकेदार होता, नंतर वनखाते आणि वन विकास निगम आले, आणि मजूर दोन्ही व्यवस्थांत मजूरच राहिला.

कूप म्हणजे कार्य आयोजनेनुसार एका वर्षी तोडीसाठी ठरवलेला वनाचा तुकडा, आणि कार्य आयोजना म्हणजे एखाद्या वनविभागात कोणत्या वर्षी कोठे व किती तोड करायची हे सांगणारा दीर्घ मुदतीचा दस्तऐवज. बारनवापारा अभयारण्याच्या बाजूची निगमाची सागाची लागवड असो, की धमतरी-गरियाबंदकडील खात्याचे कूप असोत, कामाचा क्रम साधारण सारखा असतो. पावसाळा सरल्यावर वनरक्षक आणि मजूर रानात फिरून झाडांवर खुणा करतात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, बुंध्याचा घेर मोजला जातो, साल थोडी तासून तेथे क्रमांक घातला जातो, आणि अगदी बुडाशी खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवला जातो, जेणेकरून झाड गेल्यावरही खुंटावरचा ठसा तपासता यावा. झाडाला असा क्रमांक मिळतो, ओंडक्याला दोन्ही टोकांना क्रमांक मिळतो, गाडीला वाहतूक परवाना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली टीपी, मिळते आणि काष्ठागारात, म्हणजे लिलावाच्या सरकारी डेपोत, थप्पीलाही क्रमांक मिळतो. इतक्या नोंदींच्या साखळीत तोडणाऱ्याची कडी नाही, हे या व्यवस्थेचे खरे वैगुण्य होय.

तोडीचे प्रत्यक्ष काम बाहेरून दिसते तसे जोराचे नसून अंदाजाचे असते. अनुभवी तोड्या आधी झाडाभोवती फिरतो, कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा ठोकून आवाज ऐकतो, कारण जुना साल आतून पोकळ असण्याचा संभव मोठा आणि पोकळ झाड कोणत्या क्षणी कोठे फाटेल याचा नेम नसतो. मग झाडाचा कल, शेंड्याचा भार कोणत्या बाजूला आहे, वारा कोठून येतो आणि पळून जायची वाट कोणती, हे तो ठरवतो. माहुलाच्या दांडग्या वेली शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून टाकतात. त्या आधीच कापल्या नाहीत तर एक झाड पडताना दुसऱ्याला ओढून आणते. पाडायच्या दिशेला बुंध्यात पाचरीच्या आकाराची खाच घेतली जाते आणि तिच्या विरुद्ध बाजूने, थोडे वर, करवतीचा काप घेतला जातो. दोन्हींच्या मध्ये जी लाकडाची पट्टी शिल्लक राहते, ती बिजागरीसारखी वाकत झाडाला ठरल्या दिशेने खाली नेते. ती पट्टी फार जाड ठेवली तर बुंधा उभा चिरतो, आणि पूर्ण कापली तर झाड आपल्या मर्जीने पडते. करवत चिमटू नये म्हणून कापात लाकडी वा लोखंडी पाचर ठोकतात. सर्वांत जास्त भीती असते ती अर्धवट पडून दुसऱ्याच्या फांद्यांत अडकलेल्या झाडाची. खुंट जमिनीलगत, साधारण १५ सेंटीमीटरच्या आत आणि उतरता ठेवावा असा नियम आहे, कारण वर पाणी साचले तर खुंट कुजतो आणि त्यातून फुटवे येत नाहीत. साग, साल, धावडा या जाती खुंटातून पुन्हा फुटतात, म्हणून नीट घेतलेला शेवटचा काप म्हणजे पुढच्या पिढीच्या झाडाची लागवडच असते. हे काम वाकून, जवळजवळ बसून करावे लागते, आणि मापावर मजुरी मिळणाऱ्याला त्याचा जादा पैसा मिळत नाही, तरीही ते नीट केलेले आढळते. वनव्यवस्थापनाच्या लेखनात याची दखल घेतली जायला हवी होती.

ओंडक्याचे घनफळ काढण्याची जुनी पद्धत घेराच्या चौथ्या भागावर चालते: घेराला चाराने भागायचे, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. १.२० मीटर घेराचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने ०.२७ घनमीटर भरतो, भूमितीच्या हिशेबाने तो ०.३४ घनमीटरच्या वर असतो. हा सुमारे साडेएकवीस टक्क्यांचा फरक चिराईत वाया जाणारे लाकूड म्हणून समर्थनीय ठरवला जातो, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण तोडणे, छाटणे आणि ओढणे हे सर्व पूर्ण ओंडक्याचे करावे लागते. ज्या ठिकाणी मजुरी घनमीटरवर ठरते तेथे तिचा दर या फरकाची जाणीव ठेवून ठरायला हवा.

कुपातील काम हिवाळा-उन्हाळ्याचे असले, तरी सालाच्या रानात एक काम भर पावसात निघते. साल पोखरणारा भुंगेरा, ज्याला येथे साल बोरर म्हणतात, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर बाहेर पडतो. त्याला पकडण्यासाठी सालाचे एक झाड मुद्दाम पाडून त्याचे तुकडे केले जातात, साल ठेचली जाते, आणि पाझरणाऱ्या रसाच्या वासाने आलेले भुंगेरे गावकरी वेचून देतात व नगावर पैसे घेतात. १९९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मंडला-दिंडोरीच्या बाजूला या किडीची मोठी साथ आली, तेव्हा बाधित झाडे किती तोडावीत यावर तज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले होते. वाचवण्यासाठी तोडणे हा वनव्यवसायातील चमत्कारिक वाटणारा, पण नित्याचा भाग आहे.

धानाच्या मुलखातील तोड निराळी. रायपूरभोवतीच्या शेतांच्या बांधांवर बाभूळ राखण्याची जुनी पद्धत आहे. भाताच्या खाचरातच उगवलेली बाभूळ दहा-पंधरा वर्षे वाढू द्यायची, तिच्या फांद्या छाटून सावली कमी ठेवायची, आणि मग नांगर, गाडीची चाके व जळण यांसाठी तोडायची, असा हा क्रम असून कृषिवानिकीच्या अभ्यासकांनी त्याची स्वतंत्र नोंद घेतली आहे. येथे तोडणारा बहुधा गावातलाच, अर्धा शेतकरी आणि अर्धा सुतार असतो. खासगी जमिनीवरील झाडांना भू-राजस्व संहितेची परवानगी लागत असल्याने हा व्यवहार दीर्घकाळ अडचणीचा राहिला, आणि त्या अडचणीचा फायदा घेणारेही निघाले: बस्तरमध्ये मालिक मकबूजा, म्हणजे खातेदाराच्या मालकीच्या जमिनीवरील झाडे, आदिवासींकडून कवडीमोलाने घेऊन तोडली गेल्याचे प्रकरण १९९० च्या दशकात लोकायुक्तांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९९ मध्ये आदिवासींच्या वृक्षांवरील हितसंबंधांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला. अलीकडे वारा उलट दिशेने वाहतो आहे. २०२२ मध्ये स्वतः लावलेली झाडे तोडण्याचे नियम सैल झाले आणि २०२३ मध्ये मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजनेत पाच एकरांपर्यंतच्या व्यापारी वृक्षलागवडीला पूर्ण अनुदान देऊ करण्यात आले. नीलगिरी आणि मलबार नीम यांची ही झाडे काही वर्षांत एकदमच तोडीला येतील, तेव्हा इतके कुशल हात कोठून येणार, याचा विचार योजनेत दिसायला हवा होता.

शहरातील तोडीला जंगलाचे कोणतेच नियम लागू पडत नाहीत, कारण येथे झाड पाडायला मोकळी जागाच नसते. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांवरील फांद्या छाटणे, वादळात रस्त्यावर कोसळलेले गुलमोहर आणि पेल्टोफोरम हटवणे, घराच्या पायात शिरलेला पिंपळ काढणे, ही कामे झाडावर चढून, वरून खाली तुकड्या-तुकड्याने करावी लागतात. दोराने फांदी बांधून ती हळूहळू उतरवणे हे यातील मुख्य कौशल्य. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रकरवतीने हे काम झटपट झाले आहे, परंतु तिचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, दीर्घकाळच्या थरथरीने बोटे बधिर होतात, आणि पात्याचे टोक लाकडाला अडले की ती क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. आरागिरणीला १९८४ च्या काष्ठ चिरान अधिनियमाने परवाना लागतो. यंत्रकरवत हाती धरून तीस फुटांवर चढणाऱ्याला मात्र कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, आणि पुष्कळदा त्याच्या पायात चपला व कमरेला साधा सुती दोर असतो. रस्तारुंदी आणि खाणींसाठी होणारी सरसकट तोड हा आणखी एक प्रकार. उत्तरेकडील हसदेव अरण्याच्या वादात तुटणाऱ्या झाडांच्या संख्येवर देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती, पण त्या तोडीत कौशल्याला स्थानच नसते. खुंट फुटावा अशी तेथे अपेक्षा नसते.

आता मोकळ्या वेळाचा प्रश्न. पगारी नोकराचा शनिवार-रविवार या लोकांना नाही. त्यांच्या आठवड्याचा मोकळा दिवस म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस, आणि वर्षाचे मोकळे दिवस म्हणजे पेरणी, कापणी व तोड यांच्या मधल्या फटी. त्या दिवशी पहिले काम हत्यारांचे. छत्तीसगडीत टंगिया म्हटली जाणारी हलकी कुऱ्हाड दगडावर पाजवणे, करवतीचे दात कानशीने घासून एकाआड एक बाहेर वाकवणे, आणि दांडा बदलणे यांत अर्धा दिवस सहज जातो. दांड्यासाठी लाकूड निवडण्यात मोठी चिकित्सा असते: धामण लवचिक, म्हणून झटका सोसणारी, धावडा चिवट आणि जड, म्हणून गाडीच्या आसासाठीही तोच, नांगराच्या व गाडीच्या भागांसाठी तिन्सा, ज्याला मराठीत तिवस म्हणतात. मोहाच्या झाडाला बहुतेक आदिवासी गावांत कुऱ्हाड लागत नाही, कारण त्याची फुले आणि बिया तोडलेल्या लाकडापेक्षा कितीतरी अधिक देतात. निस्तार, म्हणजे गावकऱ्यांचा घरगुती गरजेपुरता वनोपजाचा हक्क, हा या घरकामाचा कायदेशीर आधार आहे; गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या चळवळीमुळे तो शब्द मराठीतही परिचित झाला आहे.

या घरकामाचा सार्वजनिक दिवस म्हणजे श्रावणातील अमावास्येचा (महाराष्ट्राच्या गणनेने आषाढी अमावास्येचा) हरेली सण. त्या दिवशी नांगर, कुदळ, टंगिया, वाकस ही सारी हत्यारे धुऊन अंगणात मांडली जातात, त्यांना चिल्याचा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या धिरड्याचा, नैवेद्य दाखवला जातो, आणि मुलांसाठी बांबूच्या गेड्या, म्हणजे उंच पायट्या, तयार होतात. पुढच्या अमावास्येच्या पोऱ्याला, म्हणजे पोळ्याला, मुलांच्या हाती मातीचे आणि लाकडाचे बैल येतात. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्याचे हे सख्खे भावंड आहे. चाके लावलेला बैल हा एका दिवसात पुरा होणारा, उरलेल्या तुकड्यातून घडणारा नमुनेदार प्रकल्प होय, आणि सुताराचा मुलगा रंधा-पटाशी पहिल्यांदा बहुधा अशाच कामावर चालवतो.

या प्रकारातले सर्वांत मोठे काम रायपूरपासून दूर, जगदलपूरला पाहायला मिळते. बस्तरच्या दसऱ्याचा दुमजली रथ दरवर्षी सालाच्या लाकडातून घडवला जातो. पंचाहत्तर दिवस चालणाऱ्या या उत्सवाची सुरुवात हरेलीच्याच दिवशी पाट जात्रा या विधीने होते, ज्यात बिलोरी गावच्या रानातून आणलेल्या पहिल्या ओंडक्याची आणि त्याबरोबर हत्यारांची पूजा होते. झार उमरगाव आणि बेडा उमरगाव या गावांचे कारागीर परंपरेने रथ बांधतात, आणि कुऱ्हाड, वाकस व पटाशी यांच्यापलीकडे त्यांच्याकडे फारशी साधने नसतात. येथे झाड कोण तोडतो, कोण तासतो, चाक कोण बसवतो, याची वाटणी गावागावांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे; तोडणाऱ्या गावाचे नाव सर्वांना ठाऊक असते. जे सरकारी कुपाला साधले नाही ते एका देवीच्या उत्सवाने साधले, असे म्हणणे भाग आहे.

ही घरगुती परंपरा आता आकसते आहे. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, लाकडी चाकांची रबरी टायरांनी, चौकटींची लोखंड आणि प्लास्टिकने. रायपूर महापालिकेने स्मशानात आणि होळीत लाकडाऐवजी शेणाच्या गोकाष्ठाचा पुरस्कार केला, जो झाडांच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. परिणाम असा की, तरुण तोड्या यंत्रकरवत लवकर शिकतो, पण लाकूड ओळखणे, त्याचे तंतू वाचणे आणि ताण कोठे साठला आहे हे हाताने जाणणे, ज्या कामांतून पूर्वी शिकले जाई ती कामेच घरात उरत नाहीत. यंत्राने होणाऱ्या अपघातांचे एक कारण या अपुऱ्या ओळखीत आहे. यंत्र वेग देते, लाकडाचा स्वभाव शिकवत नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. रायपूर परिसरात इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे, वनखात्याचे आणि वीज कंपनीचे मुख्यालय आहे, महापालिकेचा उद्यान विभाग आहे. या चौघांनी मिळून यंत्रकरवत आणि दोरकाम यांचे छोटे प्रशिक्षण सुरू करावे, शिकवायला कुपात आयुष्य घालवलेल्या जुन्या तोड्यांना मानधन देऊन बोलवावे, आणि प्रमाणपत्र, शिरस्त्राण, पट्टा व विमा असल्याखेरीज सार्वजनिक झाडावर कोणालाही चढवू नये. कुपाच्या नोंदवहीत झाडाच्या क्रमांकासमोर ते पाडणाऱ्याचे नाव लिहिण्याचा एक रकाना वाढवायला तर कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागणार नाही. वनखात्याने तो येत्या तोडीच्या हंगामापासूनच वाढवावा.